चाकावरची अक्षरे

दसऱ्याच्या दिवशी आमच्या आदिलाबादेत भल्या सकाळपासून वाहने धुण्याची एकच धांदल उडालेली असते. सायकलीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना त्या दिवशी देवपण येते. झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ, आणि शेवटी चारही चाकांखाली चार लिंबे. गाडी जराशी पुढे घ्यायची, लिंबे चिरडली की पूजा पुरी झाली. आम्हीही वर्षानुवर्षे हे सारे भक्तिभावाने करीत आलो. पण ज्या चाकाखाली लिंबू ठेवायचे, त्या चाकावर काय लिहिले आहे ते वाचून पाहावे, अशी बुद्धी आम्हांला कधी झाली नव्हती. ती झाली गेल्या वैशाखात, आणि तीही एका पंक्चरवाल्याच्या कृपेने.

पैनगंगेच्या पलीकडे आमची सोयरीक पूर्वापार आहे. किनवट आणि राजुरा हे तालुके तर १९५६ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होते. राज्यांच्या सीमा बदलल्या, पण मुलीबाळी त्याच घरांत दिल्या-घेतल्या जात राहिल्या. त्यामुळे लग्नसराई आली, की आमच्याकडील प्रत्येक मराठी घराचे तोंड उत्तरेकडे वळते. गेल्या वैशाखात नागपूरला असेच एक घरचे कार्य होते. पाच माणसांच्या गाडीत आम्ही सहा मोठी माणसे आणि एक मूल बसलो. मागे फराळाचे डबे, आहेराचे गाठोडे आणि मुलीकडच्यांसाठी तांदळाचे एक पोते होते. गाडी चालवायला आमचा पुतण्या. तो हैदराबादेस नोकरीला असतो, हात चांगला आहे, आणि वयाप्रमाणे पायही जरा जड आहे.

काटा १२० च्या पुढे गेला, तेव्हा मागच्या बाजूने आमच्या वहिनींनी हळूच विचारले, "एवढी घाई आहे का रे?" त्यावर तो म्हणाला, "काकू, रस्ता चार पदरी आहे. आणि आपले टायर १९० ला पास आहेत. त्यांच्यावर तसे अक्षरच छापलेले असते. १३० म्हणजे त्यांना काहीच नाही." आम्ही गप्प बसलो. गप्प बसण्याचे खरे कारण असे, की मुहूर्त दुपारचा होता आणि घरून निघायला आमच्यामुळेच उशीर झाला होता.

पैनगंगा ओलांडली आणि पांढरकवड्याच्या अलीकडे गाडीत एक बारीक थरथर जाणवू लागली. रस्ता खराब असेल असे वाटले. पुढे चहासाठी थांबलो, त्या टपरीशेजारी एक पंक्चरचे दुकान होते. तिथला वयस्क कारागीर न बोलावता उठून आला. मागच्या डाव्या टायरवर त्याने हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. मग तो खाली वाकला, आतल्या अंगाला बोट फिरवले आणि आम्हांला वाकायला सांगितले. टायरच्या बाजूला चांगला लिंबाएवढा फुगा आला होता. "हवा कधी पाहिली होती?" त्याने विचारले. कोणालाच आठवेना. मग त्याने फडक्याने धूळ पुसून चार आकडे वाचले आणि म्हणाला, "नऊ वर्सं झाली याले. भाऊ, हा टायर लगनापर्यंत नाही पोचत."

त्याने स्टेपनी चढवली, बाकीच्या चाकांत हवा भरली. मंगलाष्टके संपल्यावर आम्ही मांडवात पोहोचलो. नागपूरपर्यंत गाडीत कोणी फारसे बोलले नाही. मूल मात्र वहिनींच्या मांडीवर सुखाने झोपले होते.

गाडी जुनी घेतलेली होती, ती फार चालली नव्हती, म्हणून टायरची नक्षी अजून ठळक होती. ती पाहून आम्ही सारे निश्चिंत होतो. घरी परतल्यावर पुतण्याने व आम्ही मिळून या विषयाचा पिच्छा पुरवला. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावे, म्हणून या महिन्याचे हे पान त्यासाठी राखले आहे.

पुतण्याचे म्हणणे खोटे नव्हते, हे प्रथमच सांगितले पाहिजे. आमच्या टायरवर "१६५/८० आर १४ ८५ टी" असा मजकूर आहे. त्यातला १६५ हा आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. ८० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के आहे. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी, आणि १४ हा चाकाच्या रिमचा व्यास, इंचांत. त्यापुढचा ८५ हा वजनाचा सांकेतिक आकडा आहे. त्याचा अर्थ ८५ किलो असा नव्हे, तर एका टायरने जास्तीत जास्त ५१५ किलो भार उचलावा असा होतो. आणि अगदी शेवटचे अक्षर वेगाचे.

या वेगाक्षरांची एक वर्णमालाच आहे. 'जे' म्हणजे ताशी १०० किलोमीटर, 'के' ११०, 'एल' १२०, 'एम' १३०, 'एन' १४०, 'पी' १५०, 'क्यू' १६०, 'आर' १७०, 'एस' १८०, 'टी' १९०, 'यू' २००. इथपर्यंत सगळे शिस्तीत चालते. मग मध्येच रांग मोडून 'एच' येतो, त्याचा वेग २१०. त्यानंतर 'व्ही' २४०, 'डब्ल्यू' २७० आणि 'वाय' ३००. 'एच' असा भलत्या जागी का बसला, याचेही कारण आहे. युरोपात ही पद्धत सुरू झाली तेव्हा 'एस', 'एच' आणि 'व्ही' अशी तीनच अक्षरे होती. बाकीची मंडळी मागाहून आली आणि मोकळ्या जागा पाहून बसली. मालमोटारींच्या टायरांवर बहुधा 'जे', 'के', 'एल' यांसारखी खालची अक्षरे दिसतात. आपल्या घरच्या मोटारींवर 'एस', 'टी', 'एच' ही नेहमीची. स्कूटरच्या टायरवरही असे अक्षर असते. आज संध्याकाळी मुलांना अंगणात घेऊन ते शोधावे. खेळही होईल आणि शिक्षणही.

आता प्रश्न असा, की हे अक्षर टायरला मिळते कसे? कोणत्याही पदवीप्रमाणे त्यालाही परीक्षा द्यावी लागते. प्रयोगशाळेत एक मोठे लोखंडी पिंप फिरत असते. नवा कोरा टायर ठरल्या प्रमाणात हवा भरून, ठरलेले ओझे देऊन त्या पिंपावर दाबून धरतात. मग दर १० मिनिटांनी ताशी १० किलोमीटरने वेग चढवत नेतात. शेवटच्या वेगाला अधिक वेळ ठेवतात. हा सारा सोहळा साधारण तासाभराचा असतो. एवढ्या वेळात टायरची नक्षी सुटली नाही, थर वेगळे झाले नाहीत, दोरे तुटले नाहीत, की तो उत्तीर्ण. परीक्षा होते त्या खोलीचे तापमान २५ अंशांच्या आसपास राखलेले असते.

हे वाचले तेव्हा आमच्या डोळ्यांपुढून आमचा प्रवास पुन्हा एकदा गेला. परीक्षेतला टायर नवा होता, आमचा नऊ वर्षांचा. त्यात हवा मोजून भरलेली होती, आमच्यात केव्हा भरली ते आठवत नव्हते. त्याच्यावर ठरलेला भार होता, आमच्यावर सहा माणसे, एक मूल आणि तांदळाचे पोते. त्याची खोली २५ अंशांची, तर आमच्या आदिलाबादचा वैशाख म्हणजे सावलीतच ४५ अंशांच्या घरात, आणि उन्हात तापलेले डांबर ६० अंशांच्याही वर. 'टी' हे अक्षर खोटे नव्हते. ते ज्या टायरविषयी बोलत होते, तो टायर आमच्या गाडीला राहिला नव्हता. मॅट्रिकला पहिल्या वर्गात आलो होतो, हे सांगून कोणी म्हातारपणी परीक्षेला बसत नाही. आम्ही मात्र तेच करीत होतो.

टायर फुटतो तेव्हा "हवा जास्त झाली असेल" असे आपण सहज म्हणून जातो. पुष्कळदा खरी गोष्ट नेमकी उलट असते. टायर जमिनीला टेकतो ती जागा आपल्या तळहाताएवढी. तेवढ्या भागात तो चपटा होतो, आणि जागा सोडताच पुन्हा गोल होतो. लहान मोटारीचे चाक ताशी १२० किलोमीटरच्या वेगाने दर सेकंदाला सुमारे १७ फेरे घेते. म्हणजे टायरचा प्रत्येक कण सेकंदात १७ वेळा दबतो आणि १७ वेळा सरळ होतो. लोखंडी तार हातात धरून भराभर मागेपुढे वाकवली, तर ती वाकवण्याच्या जागी तापते आणि थोड्या वेळाने तुटते, हा अनुभव आपण लहानपणी घेतलेला आहे. रबराचेही तसेच. प्रत्येक दाबाबरोबर थोडी उष्णता आत राहते. हवा कमी असेल, तर टायर अधिक चपटा होतो, अधिक वाकतो, अधिक तापतो. ओझे जास्त असेल तरी तेच. रबर आणि आतले पोलादी पट्टे यांना एकत्र धरून ठेवणारी पकड उष्णतेने सैल होत जाते. वय झालेल्या रबराची पकड आधीच क्षीण झालेली असते.

त्यातच गरगर फिरण्याचा जोर. एक तोळा रबर डोळ्यांपुढे आणा. तोळा म्हणजे आजच्या सराफी हिशेबाने १० ग्रॅम. ताशी ६० च्या वेगाला ते तोळाभर रबर सुमारे ९०० ग्रॅमच्या जोराने बाहेर ओढले जाते. वेग १२० केला, की तो जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. तेच तोळाभर रबर साडेतीन किलोंहून अधिक जोराने चाकापासून सुटू पाहते. पकड सैल झालेली असेल, तर नक्षीचा पट्टा सालीसारखा सोलून निघतो. उन्हाळ्यात महामार्गाच्या कडेला काळ्या रबराच्या ज्या फाटक्या पट्ट्या पडलेल्या दिसतात, त्यांतल्या पुष्कळशा अशाच सुटलेल्या असतात.

वेग आणखी वाढला, तर एक विलक्षण गोष्ट घडते. दबलेला भाग पुन्हा गोल होण्याआधीच त्याची दबण्याची पाळी परत येते. मग टायरच्या अंगावर जमिनीच्या मागे एक लाट उभी राहते, आणि ती मोडतच नाही. ही अवस्था आली, की टायर काही मिनिटांत तापून चिंध्या होतो. कोणत्या वेगाला ही लाट उठेल, त्यापासून सुरक्षित अंतर राखण्याची हमी म्हणजे ते वेगाक्षर. परंतु हवा कमी झाली, की लाट उठण्याचा वेगही खाली येतो. टायरवरचे अक्षर तेच राहते, हमी मात्र आपल्याला न सांगता उतरलेली असते.

या अज्ञानाची किंमत साऱ्या जगाने एकदा मोजली आहे. अमेरिकेत २००० साली फायरस्टोन कंपनीला सुमारे ६५ लाख टायर परत बोलवावे लागले. हे टायर मुख्यतः फोर्ड कंपनीच्या एका उंच मोटारीला बसवलेले होते. वाटेत नक्षीचा पट्टा सुटून त्या मोटारी उलटत. त्या देशात २७१ मृत्यूंशी या टायरांचा संबंध जोडला गेला. टायरच्या घडणीतले दोष पुढे आले. मोटारीसाठी हवेचे प्रमाण २६ पौंड इतके कमी सांगितलेले होते, त्यावरही दोन्ही कंपन्यांत मोठा वाद झाला. आम्हांला त्यातली विचार करण्याजोगी गोष्ट अशी वाटली, की हे अपघात टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा उष्ण राज्यांत अधिक होते. ऊन, कमी हवा, भरलेली गाडी, लांबचा पल्ला आणि सलग वेग ही पाच मंडळी तिथे एकत्र जमली होती. ती पाचही आमच्या गाडीत त्या दिवशी वऱ्हाडी म्हणून बसली होती.

आता तर आपल्या प्रवासाचे स्वरूपच बदलत आहे. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा सारा मार्ग मुंबईच्या दारापर्यंत पुरा झाला. आमच्याकडची कितीतरी कुटुंबे साईबाबांच्या दर्शनाला आता त्याच वाटेने जातात. मोटारींना तिथे ताशी १२० ची मुभा आहे. जुन्या रस्त्यावर गाव येई, फाटक येई, बैलगाडी आडवी येई, आणि आपल्या नकळत टायरला विसावा मिळे. नव्या मार्गावर तास-तास वेग उतरत नाही, म्हणून उष्णताही उतरत नाही. शरीरात मुरलेले दुखणे जसे लांबच्या यात्रेत उघडे पडते, तसे टायरचे होते. २०२३ मध्ये या मार्गावर शिरण्यापूर्वीच टायर तपासून, झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत फिरवण्याची मोहीम हाती घ्यावी लागली, ती याच कारणाने.

तथापि सगळा दोष टायरच्या माथी मारूनही चालणार नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ याच मार्गावर एका खासगी बसला आग लागून २५ प्रवासी दगावले. प्रथम "टायर फुटला" असेच सांगण्यात आले. परिवहन विभागाच्या तपासणीत मात्र टायर फुटल्याची खूण सापडली नाही. टायर बोलत नाही, म्हणून त्याच्यावर बोट दाखवणे सोपे असते. चांगला टायर हवाच, पण चांगल्या टायरने वेगाचे नियम बदलत नाहीत.

ते नियम साध्या हिशेबाचे आहेत. समोर काही आडवे आलेले दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो असे धरू. रस्ता कोरडा, टायर चांगले, ब्रेकही चांगले. ताशी ६० च्या वेगाला गाडी थांबायला एकंदर ४५ मीटर लागतात, १०० ला सुमारे १०० मीटर, आणि १२० ला सुमारे १३० मीटर. पाऊस पडलेला असेल, तर हे अंतर पुष्कळ वाढते. रात्री दिव्याच्या खालच्या झोतात ५० ते ६० मीटरच दिसते. म्हणजे अंधारात खालचा झोत ठेवून १०० च्या वेगाने जाणारा मनुष्य, जे दिसलेच नाही त्याच्यावर जाऊन आदळण्याची तयारी करून निघालेला असतो. आमचा ४४ क्रमांकाचा महामार्ग गुडीहत्नूर, इच्चोडा, नेरडीगोंडा अशा वस्त्यांना लागून जातो. दुभाजकाच्या फटीतून दुचाकी येते, उलट्या दिशेने ट्रॅक्टर येतो, कापसाच्या हंगामात दिवे नसलेली गाडी येते. पौष अमावास्येला केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेचे दिवस आले, की आडरस्त्यांवर माणसांचे थवे असतात. ही सारी आपलीच माणसे. त्यांच्या अंगावर वेगाक्षर छापलेले नसते.

मग करावे काय? आमच्या घरात आता जो परिपाठ पडला आहे तो सांगतो. त्यात खर्च जवळजवळ नाही.

महिन्यातून एकदा, आणि लांबच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी, टायर गार असताना हवा मोजावी. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी आकडा बहुधा वेगळा आणि जास्त असतो, तो पाहावा. तापमान ५-६ अंशांनी बदलले, की हवेचा दाब सुमारे एक पौंडाने बदलतो. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी भरलेली हवा डिसेंबरच्या कडाक्याच्या पहाटे पाच-सहा पौंडांनी उतरलेली दिसते, ती यामुळेच. आणि याच्या उलट, प्रवासात टायर तापून दाब वाढला म्हणून हवा काढून टाकण्याची चूक करू नये. तो गार झाला की हवा कमी पडते. नायट्रोजन भरला की काळजी मिटली, असाही एक समज पसरला आहे. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तो भरावा, हरकत नाही. पण मोजणे त्यामुळे टळत नाही.

नक्षीच्या खाचांत तळाशी मधूनमधून लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटरच उरली, की चारचाकीचा टायर कायद्याने बाद होतो. दुचाकीला ही मर्यादा ०.८ मिलिमीटरची आहे. पावसाळ्यात पाणी याच खाचांतून बाहेर जाते. त्या बुजल्या, की गाडी पाण्यावर तरंगते आणि सुकाणू हातात असूनही हातात राहत नाही.

मग वय पाहावे. टायरच्या बाजूला एका ओळीच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. "२३१९" असे असेल, तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात घडवलेला आहे. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावा, आणि नक्षी कितीही सुंदर असली तरी दहा वर्षांपुढे ठेवू नये. जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे आकडे गाडीच्या कागदपत्रांइतकेच काळजीपूर्वक वाचावेत. स्टेपनीचेही वय वाढत असते, हे विसरू नये. काही नव्या गाड्यांना अरुंद, तात्पुरती स्टेपनी असते. तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा छापलेली असते, ती पाळावी.

टायर बदलताना गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्यापेक्षा खालचे अक्षर घेऊ नये. चारांपैकी एक जरी खालच्या अक्षराचा असेल, तर साऱ्या गाडीची मर्यादा तीच. दोनच नवे घेतले, तर ते मागच्या चाकांना बसवावेत. मागचा टायर दगा देतो तेव्हा गाडीचे शेपूट फिरते, आणि ते सावरणे पुढच्यापेक्षा कठीण असते.

दर दोन तासांनी थांबावे. माणसे चहा पितात तोवर एकाने चारही टायरांना हाताची पाठ लावून पाहावी. मुलाच्या कपाळाला हात लावताच आईला तापाचा अंदाज येतो, तितके हे सोपे आहे. एकच टायर इतरांपेक्षा कढत लागला, तर त्यात हवा कमी आहे किंवा ब्रेक धरला आहे असे समजावे. आमच्या त्या कारागिराने एवढेच तर केले होते.

आणि सर्व करूनही टायर फुटलाच, तर ब्रेकवर जोराने पाय देऊ नये. सुकाणू दोन्ही हातांनी घट्ट आणि सरळ धरावे, वेगाचा पाय हळूहळू उचलावा, गाडी आपोआप मंदावू द्यावी आणि मग सावकाश डाव्या कडेला घ्यावी. इशाऱ्याचे दिवे लावावेत. मुले, म्हातारी माणसे सगळ्यांना उतरवून कठड्याच्या पलीकडे उभे करावे, गाडीत बसवून ठेवू नये. पट्टा मागे बसलेल्यांनीही बांधावा. ज्याची गाडी अचानक भरकटते, त्याला वाचवायला पट्ट्याशिवाय त्या क्षणी दुसरे काही नसते.

महाराष्ट्रात घाटाघाटांत "अति घाई, संकटात नेई" अशी पाटी असते. लहानपणी एस. टी. च्या खिडकीतून ती वाचताना आम्हांला तिचे हसू येई. आम्ही आता घाईचा हिशेब करून पाहिला आहे. आदिलाबाद ते नागपूर सुमारे २०० किलोमीटर. १०० च्या वेगाने दोन तास, १३० च्या वेगाने दीड तास. वाचतो तो फार तर अर्धा तास, तोही वाटेत कुठे थांबावे लागले नाही तर. त्या अर्ध्या तासासाठी आम्ही सात जीव पणाला लावले होते, आणि मंगलाष्टके ती हुकलीच.

येत्या मार्गशीर्षात त्याच घरात दुसरे कार्य आहे. पुतण्याने या खेपेस दोन टायर नवे घेतले आहेत, त्यांचा आठवडा आणि साल देवघराजवळच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवले आहे. यंदा दसऱ्याला लिंबे ठेवण्यापूर्वी तो हवा मोजायचा काटा घेऊन चारही चाकांपाशी उकिडवा बसला होता. वहिनींनी विचारले, "पूजेला उशीर होतोय, काय शोधतोस?" तो म्हणाला, "काही नाही काकू, वाचतोय." तांदळाचे पोते या वेळी रेल्वेने पाठवायचे ठरले आहे. आणि आम्ही पहाटेचा गजर नेहमीपेक्षा अर्धा तास आधीचा लावणार आहोत.